तुरुंगातून आलेला प्रश्न

‘देवाच्या घरी देर आहे, पण अंधेर नाही’ ही म्हण आपल्या तोंडी किती सहज येते! शेजारच्या मुलाचे शिक्षण संपून तीन वर्षे झाली तरी त्याला नोकरी नाही. आपण त्याच्या आईला हेच सांगतो. लग्नाला आठ-दहा वर्षे झालेल्या जोडप्याला मूलबाळ नाही. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात आपण त्यांच्याशी दोन शब्द बोलतो आणि शेवटी हेच म्हणतो. आजारी माणसाच्या उशाशी जपमाळेची प्रार्थना संपते, निघताना घरच्यांना काय बोलावे ते सुचत नाही, मग आपण म्हणतो, ‘देवाची वेळ यावी लागते.’

सांगणाऱ्याचे मन चांगले असते. ऐकणारा मानही डोलावतो. पण आपण निघून गेल्यावर, दार लावून घेतल्यावर, त्या घरात काय बोलणे होत असेल? देवाची वेळ येईल म्हणजे नक्की केव्हा? आणि आलीच नाही तर? देवाला आमची काळजी आहे, असे आम्ही लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. मग तो असा गप्प का? तो खरोखर कोण आहे? हा प्रश्न मोठ्याने विचारायला आपल्याला भीती वाटते. विचारला तर आपली श्रद्धा कमी आहे असे लोक म्हणतील, अशी ती भीती असते.

हा प्रश्न ज्याने उघडपणे विचारला, त्याची गोष्ट आपल्या शुभवर्तमानातच आहे.

आगमनकाळातील तिसरा रविवार हा आनंदाचा रविवार. त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती पेटते, धर्मगुरू गुलाबी वस्त्र परिधान करतात. पण ‘अ’ वर्षाच्या वाचनक्रमात, म्हणजे दर तीन वर्षांनी एकदा, या आनंदाच्या दिवशी वाचले जाणारे शुभवर्तमान तुरुंगात सुरू होते (मत्तय ११:२-११). संत योहान बाप्तिस्ता कैदेत आहे. येशूच्या कार्याची बातमी त्याच्या कानावर येते आणि तो आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवतो. विचारणे एवढेच, की ज्याची आम्ही वाट पाहत होतो तो तूच आहेस, की आम्ही अजून कोणासाठी थांबायचे?

हा प्रश्न विचारणारा कोण आहे, हे आधी लक्षात घेऊ या. यार्देन नदीच्या काठी येशूला पाहून, हा देवाचा कोकरा आहे, असे बोट दाखवून सांगणारा हाच योहान. येशूच्या पायातील वहाणेचा बंद सोडण्याचीही आपली लायकी नाही, असे म्हणणारा हाच. आईच्या उदरात असताना ज्याने आनंदाने उडी मारली, तोही हाच. आणि आज तो विचारतो आहे, की तू तोच ना?

हेरोद अंतिपास राजाने भावाच्या बायकोला आपल्या घरात आणले. योहानाने त्याला तोंडावर सांगितले, की हे तुला शोभत नाही, हे नियमशास्त्राच्या विरुद्ध आहे. त्याबद्दल त्याला बेड्या पडल्या. योसेफस हा पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार लिहितो, की त्याला माखेरस नावाच्या किल्ल्यात ठेवले होते. मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डन देशात, उजाड डोंगरावर त्या किल्ल्याचे अवशेष आजही आहेत. ज्याने सारे आयुष्य उघड्या रानात, मोकळ्या आकाशाखाली काढले, तो आता चार भिंतींच्या आड होता. येशू तिकडे दूर गालीलात गावोगाव फिरत होता.

योहानाची अपेक्षा काय होती? लोकांना उपदेश करताना त्याने ती स्पष्ट सांगितली होती. झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलेली आहे. येणारा येईल तो खळ्यावर उभा राहून धान्य उपणील, दाणे कोठारात भरील आणि भुसा जाळून टाकील (मत्तय ३:१०-१२). आपल्यापैकी ज्यांच्या घरी भातशेती आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. वारा सुटला की उपणायला वेळ लागत नाही. दाणा खाली पडतो आणि भूस उडून जाते. योहानाला वाटत होते, आता वारा सुटला आहे. आता न्याय होणार. हेरोदासारखे लोक भुशासारखे उडून जाणार.

आणि झाले काय? हेरोद राजवाड्यात मेजवान्या झोडत होता, योहान कैदेत होता. कुऱ्हाड पडलीच नव्हती. येशू जकातदारांच्या घरी जेवत होता, पापी म्हणून हिणवलेल्या लोकांमध्ये बसत होता. मग योहानाने काय समजावे?

संत जॉन क्रिझोस्टम यांच्यासारख्या ख्रिस्तसभेच्या आचार्यांचे मत असे, की योहानाला स्वतःला शंका नव्हती. त्याच्या शिष्यांची खात्री पटावी म्हणून त्याने त्यांना पाठवले. हे मत आदराने ऐकावे असेच आहे. तेर्तुलियन या त्याहून जुन्या लेखकाला मात्र वाटे, की योहान खरोखरच डळमळला होता. आम्हांला येथे निवाडा करायचा नाही. प्रश्न गुरूचा असो की शिष्यांचा, तो तुरुंगातून निघाला आणि येशूपर्यंत पोहोचला, हे महत्त्वाचे. येशूने तो ऐकून घेतला आणि तो विचारल्याबद्दल कोणालाही दटावले नाही.

उलट, योहानाचे शिष्य परत निघाल्यावर येशू लोकांकडे वळला आणि स्त्रीच्या पोटी जन्मलेल्यांमध्ये योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही, असे त्याने सांगितले. ही स्तुती कोणत्या क्षणी झाली हे पाहण्यासारखे आहे. योहान यार्देनच्या काठी हजारोंसमोर गर्जना करत होता तेव्हा ती झाली नाही. त्याचा हा प्रश्न येऊन पोहोचल्यावर ती झाली. तेव्हा, देवाला प्रश्न विचारला म्हणून आपली श्रद्धा संपली, असे कोणी मनाला लावून घेऊ नये.

आता येशूचे उत्तर पाहू या. ‘होय, मीच तो’ असे तो म्हणत नाही. केव्हा काय होणार याची तारीखही तो देत नाही. तो त्या शिष्यांना सांगतो, तुम्ही इथे जे ऐकता आणि पाहता ते जाऊन योहानाला सांगा. आंधळ्यांना दिसू लागले आहे, पांगळे चालत आहेत, कुष्ठरोगी शुद्ध होत आहेत, बहिऱ्यांना ऐकू येत आहे, मेलेले उठत आहेत आणि गरिबांना शुभवार्ता मिळते आहे. 

योहान हा संदेष्ट्यांचे ग्रंथ तोंडपाठ असलेला माणूस. त्याला हे शब्द कुठले ते लगेच कळले असणार. ही यशयाची वचने आहेत, ३५व्या आणि ६१व्या अध्यायातली. पण त्या अध्यायांमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. देव सूड घ्यायला येईल ही एक, आणि बंदिवानांची सुटका होईल ही दुसरी. येशूने पाठवलेल्या निरोपात या दोन्ही गोष्टी नाहीत. तुरुंगात बसलेल्या माणसाला निरोप पाठवताना येशूने बाकी सारे सांगितले आणि तुरुंगाच्या दाराचा उल्लेख तेवढा केला नाही.

हे वाचताना मन जड होते. नासरेथच्या सभास्थानात हाच येशू यशयाचा ग्रंथपट उघडून बंदिवानांच्या सुटकेबद्दल वाचतो (लूक ४:१८). मग इथे तो ते का वगळतो? आम्हांला असे वाटते, की तो योहानाला खोटी आशा देऊ इच्छित नव्हता. त्याच्या निरोपाचा शेवट असा आहे, की माझ्यामुळे जो अडखळून पडत नाही तो धन्य. योहाना, तुझे दार उघडणार नाही, तरीही मी तोच आहे. इतरांच्या जीवनात मी जे करतो आहे त्यावरून मला ओळख. एवढा विश्वास तू माझ्यावर ठेवशील का? येशूच्या निरोपात आम्हांला हा प्रश्न ऐकू येतो.

म्हणजे ‘देव केव्हा येणार?’ या आपल्या प्रश्नाच्या पोटात नेहमीच ‘देव कोण आहे?’ हा प्रश्न असतो. आपण मनात देवाचे एक चित्र काढतो आणि त्या चित्राप्रमाणे त्याचे वेळापत्रकही ठरवतो. देव न्यायी आहे, म्हणजे वाईट माणसाला या वर्षी शिक्षा व्हायला हवी. देव दयाळू आहे, म्हणजे नोव्हेनाच्या नवव्या बुधवारपर्यंत माझे काम व्हायला हवे. वेळापत्रक चुकले की आपल्याला देवच चुकल्यासारखा वाटतो. योहानाच्या चित्रात कुऱ्हाड होती. ते चित्र खोटे नव्हते, कारण न्यायाचा दिवस आहे हे येशूनेही सांगितले. पण ते चित्र अपुरे होते.

त्या अपुऱ्या चित्रात येशूने काय भरले, ते संत लूकच्या शुभवर्तमानातील एका दाखल्यात दिसते (लूक १३:६-९). एका मळ्यात अंजिराचे झाड होते. मालक तीन वर्षे फळ पाहायला येत होता आणि रिकाम्या हाताने जात होता. शेवटी तो म्हणाला, हे तोडून टाक, उगाच जागा अडवते. माळी म्हणाला, धनी, एवढे एक वर्ष राहू द्या. मी त्याच्या भोवती खणतो, खत घालतो, मग पाहू. योहानाची कुऱ्हाड झाडाच्या मुळाशी तयार आहे आणि येशूचा माळी आणखी एक वर्ष मागतो आहे!

हा दाखला वाचताना आपण कोणत्या झाडाचा विचार करतो? बहुधा शेजाऱ्याच्या. पण ते झाड आपण स्वतः असलो तर? आपण किती वर्षे बिनफळाचे उभे आहोत? भावाशी जमिनीच्या वादावरून बोलणे बंद आहे. प्रायश्चित्त संस्काराला जाऊन किती दिवस झाले ते आठवत नाही. सुनेला किंवा सासूला बोललेले शब्द मागे घेण्याचे ‘पुढच्या नाताळाला पाहू’ म्हणून राहून गेले आहे. देव आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चालला असता तर पहिली कुऱ्हाड कोठे पडली असती? संत पेत्राच्या दुसऱ्या पत्रात हेच सांगितले आहे. ज्याला लोक उशीर म्हणतात तो देवाचा धीर आहे, कारण कोणाचा नाश व्हावा असे त्याला वाटत नाही (२ पेत्र ३:९). दुसऱ्याच्या बाबतीत आपण ज्या उशिराची तक्रार करतो, त्याच उशिरामुळे आपण अजून उभे आहोत.

पण येथे थांबलो तर आपण योहानावर अन्याय करू. कारण योहान हे बिनफळाचे झाड नव्हते. त्याच्या दुःखाला हे उत्तर पुरत नाही. हेरोदाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत एका मुलीचा नाच झाला, राजाने भलतेच वचन दिले आणि योहानाचे शिर तबकात घालून आणले गेले. दर वर्षी २९ ऑगस्टला ख्रिस्तसभा या हौतात्म्याचे स्मरण करते. ‘देवाची वेळ’ येऊन तुरुंगाचे दार उघडले, असा या गोष्टीचा शेवट नाही. 

बेथानीच्या मार्थाची गोष्ट याच्या अगदी उलट वाटते. लाजर आजारी असल्याचा निरोप येऊनही येशू होता तेथेच आणखी दोन दिवस राहिला (योहान ११:६). तो आला तेव्हा लाजरला कबरीत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था रस्त्यातच त्याला गाठून मनातले बोलली, की तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. आणि त्याच संभाषणात तिने कबूल केले, की तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस. हे ती म्हणाली तेव्हा कबरीवरची धोंड अजून जागची हललेली नव्हती. पुढे लाजर बाहेर आला. योहान मात्र बाहेर आला नाही. प्रभू तोच, प्रेम तेच. एका घरी रडणे थांबले, दुसऱ्याचे शिर गेले. असे का, याचे उत्तर शुभवर्तमान देत नाही आणि आम्हीही ते देण्याचा आव आणणार नाही.

शुभवर्तमान एवढेच सांगते, की योहानाच्या मृत्यूची बातमी ऐकून येशू होडीत बसून एकान्तात निघून गेला (मत्तय १४:१३). आणि पुढे त्याचे स्वतःचेही तेच झाले. गेथशेमानी बागेत त्याने पित्याजवळ प्याला दूर करण्याची विनंती केली, तो प्याला दूर झाला नाही. क्रुसावर त्यानेही ‘का?’ म्हणून विचारले. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यालाही कबरीत राहावे लागले. त्याआधी नासरेथमध्ये तो सुमारे तीस वर्षे कोणाच्या नजरेत न येता राहिला होता. देवाने आपल्याला वाट पाहायला लावली आणि स्वतः मात्र वर बसून राहिला, असे झालेले नाही. 

इ.स. ३२५ मध्ये निसिया येथे जमलेल्या धर्माचार्यांनी येशू कोण आहे याबद्दल ख्रिस्तसभेची श्रद्धा ठामपणे मांडली. तो खरा देव आहे, पित्याच्याच तत्त्वाचा आहे, निर्माण केलेला नाही. २०२५ साली त्या परिषदेला १,७०० वर्षे पूर्ण झाली. रविवारच्या मिस्सात उभे राहून आपण तो विश्वास प्रकट करतो तेव्हा शब्द सवयीने तोंडातून निघतात. पण त्या शब्दांचा अर्थ आपल्या प्रश्नाला येऊन भिडतो. येशू हा केवळ एक सत्पुरुष असता, तर योहानासारखा आणखी एक निर्दोष माणूस मारला गेला, एवढेच झाले असते. पण तो खरा देव असेल, तर तुरुंगात, आजारपणात, रिकाम्या घरात वाट पाहणाऱ्याबरोबर स्वतः देवच येऊन बसला आहे. आणि त्याचे पुनरुत्थान हे योहानासाठीही आहे. हेरोदाच्या मेजवानीत योहानाची गोष्ट संपली नाही, असे आपण त्या विश्वासामुळेच म्हणू शकतो.

आता सुरुवातीच्या म्हणीकडे पुन्हा येऊ या. ‘देवाची वेळ येईल’ हे दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला केव्हा आहे?

आगमनकाळाच्या त्याच रविवारी दुसरे वाचन संत याकोबाच्या पत्रातून होते. शेतकरी जसा पहिल्या आणि शेवटच्या पावसाची धीराने वाट पाहतो, तसे तुम्हीही प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा, असे तो सांगतो (याकोब ५:७). पण हे वाचन जेथे सुरू होते त्याच्या आधीची सहा वचने घरी जाऊन जरूर वाचावीत. तेथे याकोब श्रीमंतांवर कडाडला आहे. तुमची शेते कापणाऱ्या मजुरांची मजुरी तुम्ही अडवून ठेवली आहे, ती मजुरीच तुमच्याविरुद्ध ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी पोहोचली आहे, असे तो बजावतो. आधी मजुरी अडवणाऱ्याला फटकारायचे आणि मग मजुराला धीर द्यायचा, असा याकोबाचा क्रम आहे. आपण पहिला भाग गाळतो आणि दुसराच तेवढा सांगतो.

प्रत्येक उशीर देवाचा नसतो. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार दहा तारखेपर्यंत लांबतो, तो उशीर आपला असतो. वाटणीतला बहिणीचा हिस्सा वर्षानुवर्षे कागदावर येत नाही, तो उशीर भावांचा असतो. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या मुलीला ‘जरा धीर धर, देव सारे ठीक करील’ असे सांगून परत पाठवले जाते, तेव्हा आपण देवाचे नाव आपल्या भित्रेपणाला देत असतो. योहानाच्या कैदेलाही देवाची योजना म्हणून मोकळे होता येत नाही. ती हेरोदाची करणी होती. जे आपल्या हातात आहे ते देवाच्या वेळेवर ढकलणे ही श्रद्धा नाही.

आणि जे खरोखर आपल्या हातात नाही, तेथे याकोबाच्या शेतकऱ्याकडे पाहावे. पाऊस पाडणे त्याच्या हातात नसते. पण मृग लागण्याआधी तो बसून राहतो का? राब भाजून ठेवतो, बांध नीट करतो, बियाणे काढून ठेवतो. पाऊस येईल या भरवशावर तो आज घाम गाळतो. त्याचे वाट पाहणे असे असते. माळ्यानेही वर्षभराची मुदत मागितली ती खणण्यासाठी आणि खत घालण्यासाठी.

तुरुंगात बसलेल्या योहानाच्या हातात काय होते? फारसे काही नव्हते. पण प्रश्न कोणाकडे न्यायचा, हे त्याच्या हातात होते. तो हेरोदाकडे दयेची याचना करत बसला नाही. मनात कुढत बसला नाही. ज्याच्याबद्दल प्रश्न होता, त्याच्याकडेच त्याने तो पाठवला. आपणही तेच करावे. रात्री झोप येत नसेल तेव्हा सुंदर शब्दांची प्रार्थना जमली नाही तरी चालेल. प्रभू, तू आहेस ना, एवढे विचारले तरी ती प्रार्थना आहे.

या गोष्टीत आणखी काही माणसे आहेत, त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. योहानाचा निरोप घेऊन येशूकडे गेलेले आणि येशूचा निरोप घेऊन तुरुंगाकडे परत आलेले ते शिष्य. त्यांना दार उघडता आले नाही, पण ते गजाआडच्या माणसाला विसरले नाहीत. काही दिवसांची पायपीट करून ते गेले, जे पाहिले ते पाहिले, आणि परत येऊन सांगितले. पुढे योहानाचा वध झाल्यावर त्याचे शरीर उचलून कबरीत ठेवणारे योहानाचे शिष्यच होते. ते झाल्यावर ते कोठे गेले? संत मत्तय लिहितो, की त्यांनी जाऊन येशूला सांगितले (मत्तय १४:१२). त्यांचा गुरू गेला होता, उत्तर मिळाले नव्हते, तरी ते दुःख घेऊन त्याच्याकडेच गेले.

या आठवड्यात आपल्या धर्मग्रामात जो कोणी वाट पाहून थकला आहे, त्याच्या घरी आपण जाऊ या. म्हण सांगायची घाई नको. थोडा वेळ बसू या, त्याचा प्रश्न ऐकून घेऊ या आणि तो आपल्या प्रार्थनेतून प्रभूकडे नेऊ या. कोणाची मजुरी, कोणाचा हिस्सा, कोणाची क्षमा आपल्यामुळे अडली असेल, तर ती रविवार उजाडण्याआधी देऊन टाकू या.

हे प्रभू, तू कोण आहेस हे आम्हांला अजून पुरते कळलेले नाही. आमचे दार उघडले नाही तरी तुझ्याविषयी आम्ही अडखळू नये, एवढी कृपा आम्हांवर कर. आमेन.